उथळ समुद्राचा जमाखर्च: पाणी जुळलं, नायट्रोजन जुळेना

भरतीरेषा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचक होते, आज अडले म्हणून लिहितेय.

भूखंडमंचावरच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रातल्या) एका पट्ट्याचा पाण्याचा आणि पोषकद्रव्यांचा ताळेबंद मांडायला घेतलाय. किनाऱ्याला समांतर १०० किमी, समुद्राकडे ४० किमी, म्हणजे साधारण ५० मीटर खोलीच्या रेषेपर्यंत. सरासरी खोली २५ मीटर. क्षेत्रफळ ४ अब्ज चौरस मीटर, घनफळ १०० अब्ज घनमीटर. मोठी नदी एकच, वार्षिक सरासरी प्रवाह १००० घनमीटर प्रतिसेकंद. पाऊस आणि बाष्पीभवन जवळपास सारखेच आहेत, म्हणून ते धरले नाहीत.

पद्धत लॉइक्झ या किनारी समुद्रांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासप्रकल्पाची, त्यांच्या १९९६ च्या मार्गदर्शिकेतली. आधी पाणी, मग मीठ, मग फॉस्फेट आणि नायट्रेट. नदीचं जितकं पाणी येतं तितकं पट्ट्याबाहेर जायला हवं. ते जाताना मीठ घेऊन जातं. तरी पट्ट्यातली क्षारता वर्षानुवर्षं तीच राहते, अर्थात बाहेरच्या पाण्याशी अदलाबदल होऊन मीठ परत येतं. पट्ट्याची क्षारता ३४ (किलोभर पाण्यात साधारण ३४ ग्रॅम मीठ), बाहेरची ३५. सीमेवर ३४.५ धरली तर अदलाबदल १००० × ३४.५ ÷ १ = ३४,५०० घनमीटर प्रतिसेकंद. त्यावरून पाण्याचा मुक्काम सुमारे ३३ दिवस. इथवर सगळं सुरळीत.

आता पोषकं (सगळे आकडे मिलिमोल प्रति घनमीटर). फॉस्फेट: नदीत १.५, पट्ट्यात ०.३०, बाहेर ०.२८. नायट्रेट: नदीत ३१०, पट्ट्यात २, बाहेर १. गणित केल्यावर पट्ट्यात फॉस्फेट दर सेकंदाला ०.५२ मोल कमी पडतं आणि नायट्रेट २७४ मोल. प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) नायट्रोजन आणि फॉस्फरस १६ ला १ असे घेतात, त्या रेडफिल्डच्या प्रमाणाने फॉस्फेटबरोबर ८.३ मोल नायट्रोजन त्यांनी उचलला असं धरलं, तरी २६६ मोल उरतो. पद्धतीप्रमाणे हा सगळा विनत्रीकरणाच्या खात्यात, म्हणजे जिवाणूंनी त्याचा वायू करून हवेत सोडला. दर चौरस मीटरला दिवसाला ५.७ मिलिमोल!

मार्गदर्शक म्हणतात, आकडा जास्त वाटतोय, तपास. तीनदा तपासला. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. कुठे चुकतेय?

ओहोळ

विषय नवीन आहे, पण वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

क्युमेकवाला

ताई, समुद्रातलं मला फारसं कळत नाही, आयुष्य नद्या मोजण्यात गेलं. म्हणून नदीपुरतंच विचारतो. ती १००० ची सरासरी आणि नायट्रेटची सरासरी वेगवेगळी काढून मग गुणाकार केलाय का? तसं असेल तर तिथेच गडबड आहे.

समजा नदी वर्षातले आठ महिने २०० क्युमेक (घनमीटर प्रतिसेकंद) वाहते आणि चार महिने २६००. सरासरी बरोबर १०००. कोरड्या महिन्यांत नायट्रेट ४०, पुराच्या महिन्यांत ८५, कारण पहिल्या पावसात शेतं धुऊन निघतात. दर महिन्याला एक नमुना घेऊन साधी सरासरी काढली तर ५५ येते, म्हणून भार ५५ मोल प्रतिसेकंद. पण प्रत्येक महिन्याचा प्रवाह आणि तीव्रता आधी गुणून मग सरासरी काढली तर ७९. नदी तीच, नमुने तेच, फरक चाळीस टक्क्यांहून जास्त. काही नद्यांमध्ये याच्या उलट घडतं, पुरात पाणी वाढतं आणि तीव्रता पातळ होते. तिथे साधी सरासरी भार फुगवते.

आणि महिन्याचा नमुना कधी घेतलाय तेही बघा. पूर चढताना घेतलेली बाटली आणि उतरताना घेतलेली बाटली, प्रवाह सारखाच असला तरी दोन वेगळ्या नद्यांच्या वाटतात. आमच्याकडे पुराच्या दिवशी नमुना घ्यायला कुणी जात नसे, रस्ता बंद असायचा. त्यामुळे नोंदवहीत पूर असा नसायचाच. :)

भरतीरेषा

बाप रे. हो, वेगवेगळ्याच काढल्या होत्या. आज बसते. पण त्याने आकडा वाढेलच ना? माझा तर आधीच जास्त आहे.

लवणरेषा

भरतीरेषा, जरा सविस्तर लिहितो, कारण तुम्ही मांडलेल्या गणितात अंकगणिताची चूक नसूनही तीन-चार ठिकाणी पाय घसरायला जागा आहे.

आधी पद्धतीबद्दल. ही युक्ती लॉइक्झच्या खूप आधीची आहे. मार्टिन क्नुडसेन या डॅनिश भौतिकशास्त्रज्ञाने १९०० साली बाल्टिकसाठी ती मांडली. तिथे वरच्या थरातून निमखारं पाणी बाहेर जातं आणि तळातून जास्त खारं पाणी आत शिरतं. बाहेर जाणाऱ्याची क्षारता ८.७, आत येणाऱ्याची १७.४, म्हणजे नेमकी दुप्पट. मीठ दोन्हीकडे सारखं जायला हवं, तर बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्याच्या दुप्पट हवं. आणि दोघांतला फरक म्हणजे नद्या-पावसाचं निव्वळ पाणी. म्हणून जितकं गोडं पाणी बाल्टिकला मिळतं तितकंच खारं पाणी तळातून आत येतं आणि दोन्ही मिळून वरून बाहेर जातं. एकही प्रवाहमापक पाण्यात न टाकता, दोन क्षारतांवर आणि नद्यांच्या नोंदींवर हे निघतं. मीठ या कामाला का चालतं? कारण ते कुणी खात नाही, हवेत उडून जात नाही, तळात फारसं बसत नाही. त्याचा हिशेब निव्वळ पाण्याचा हिशेब असतो.

पण बाल्टिकमध्ये दोन क्षारतांत ८.७ चा फरक आहे, तुमच्याकडे १ चा. तुमच्या सूत्रात हाच फरक छेदात बसलाय. बाहेरचं स्टेशन, म्हणजे नमुना घ्यायची जागा, जरा इकडे घेतलं आणि ३५ ऐवजी ३४.८ मिळालं तर अदलाबदल ३४,५०० वरून ४३,००० होते. ३५.२ मिळालं तर २९,००० च्या आत येते. क्षारतामापक हजारात एकाच्याही खालची चूक करतो हे खरं, पण इथे चूक यंत्राची नाही, ‘बाहेर’ म्हणजे कुठे हे ठरवण्याची आहे. खाडीसाठी बनलेलं अवजार तुम्ही मोकळ्या समुद्राला लावताय. खाडीला तोंड असतं. मंचाला बाहेरच्या बाजूला १०० किमी लांबीची नुसती कल्पनेतली रेषा असते, आणि दोन्ही टोकांना आणखी दोन. किनाऱ्याने वाहणारा प्रवाह एका टोकाने आत शिरून दुसऱ्याने बाहेर पडत असेल, तर तो तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

दुसरं, फॉस्फेट. पट्ट्यात ०.३०, बाहेर ०.२८. फरक ०.०२, आणि नेहमीच्या रंगमापन पद्धतीची अचूकताही साधारण तितकीच. फरक शून्य असू शकतो किंवा ०.०४. शून्य धरला तर पट्टा दर सेकंदाला १.२१ मोल फॉस्फेट गिळतोय. ०.०४ धरला तर अदलाबदलीतून १.३८ मोल बाहेर जातं आणि पट्टा उलट ०.१७ मोल फॉस्फेट *देतोय*. चिन्हच बदललं. या फॉस्फेटला १०६ ने (रेडफिल्डचंच कार्बन-फॉस्फरस प्रमाण) गुणून लोक पट्टा कार्बन साठवतो की सोडतो ते सांगतात. तुमच्या आकड्यांवरून मी तरी ते सांगणार नाही.

तिसरं, ही फॉस्फेटची पायरीच गाळाच्या पाण्यात दगा देते. फॉस्फेट लोहाच्या ऑक्साइडने माखलेल्या गाळाला चिकटतं, पाणी खारं झालं की त्यातलं काही सुटतं. तिथे फॉस्फेट कमी-जास्त होण्याशी प्लवकांचा काही संबंध असेलच असं नाही. तुमच्या नदीला गाळ किती?

चौथं सगळ्यात मोठं आहे, ते रात्री लिहितो.

भुईनळा

अजाण प्रश्न, हसू नका. एवढं मिठाचं आडवळण कशाला? सरळ समुद्रात प्रवाहमापक लावून पाणी मोजता येत नाही का?

लवणरेषा

हसण्यासारखं काही नाही, हा प्रश्न पहिल्यांदा सगळ्यांनाच पडतो. लावतात. एडीसीपी नावाचं यंत्र तळाशी ठेवतात, ते ध्वनी सोडतं आणि पाण्यातल्या कणांवरून परत आलेल्या ध्वनीच्या डॉप्लर बदलावरून प्रत्येक खोलीवरचा वेग सांगतं. उत्तम यंत्र. पण हिशेब बघा. पट्ट्याची बाहेरची बाजू १०० किमी लांब आणि ५० मीटर खोल, म्हणजे ५० लाख चौरस मीटरची भिंत. सरासरी वेगात सेकंदाला १ सेंटिमीटरची चूक झाली तर प्रवाहात ५०,००० घनमीटर प्रतिसेकंदाची चूक होते. मिसिसिपीसारख्या जवळपास तीन नद्या. ताईंची सगळी अदलाबदल याहून कमी आहे. आणि भरती-ओहोटीचा वेग मंचावर अर्धा मीटर, एक मीटर प्रतिसेकंद सहज असतो, दिवसातून दोनदा इकडे आणि दोनदा तिकडे. त्या झुल्यातून उरणारा निव्वळ प्रवाह दोन-तीन सेंटिमीटरचा. त्यात १०० किमीवर तुम्ही यंत्रं किती लावणार, चार? पाच?

अरुंद जागी मात्र जमतं. डोव्हरच्या सामुद्रधुनीत किनाऱ्यावरून रडार लावून मोजलं तेव्हा निव्वळ प्रवाह सुमारे ९४,००० घनमीटर प्रतिसेकंद निघाला, उत्तर समुद्राच्या दिशेने. त्यात भरतीचा वाटा आहे आणि वाऱ्याचा त्याहून जास्त आहे.

अवांतर: प्रवाह मोजायची माझी सगळ्यात आवडती युक्ती टेलिफोनच्या तारेची आहे. खारं पाणी वीज वाहून नेतं. ते पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून सरकलं की दोन काठांमध्ये विद्युतदाब तयार होतो. मायकेल फॅरेडेने १८३२ साली लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्समध्ये तांब्याचे पत्रे सोडून तो मोजायचा प्रयत्न केला होता. भरवशाचं काही हाती लागलं नाही. पण कल्पना खरी होती. फ्लोरिडाजवळ समुद्रतळावरच्या तारेवरून १९८२ पासून चार दशकं प्रवाह मोजला, सरासरी साधारण ३ कोटी २० लाख घनमीटर प्रतिसेकंद. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्या १२-१३ लाखांच्या आसपास भरतात, म्हणजे तुलना लक्षात येईल.

भुईनळा

तांब्याचे पत्रे!! धन्यवाद, आजचा दिवस सार्थकी लागला.

रेडिओवाली

मीठ चालत नसेल तिथे दुसरा खुणेचा पदार्थ शोधायचा. आयरिश समुद्रात इंग्लंडमधल्या सेलाफील्ड अणुकेंद्रातून सोडलेलं किरणोत्सारी सीझियम-१३७ अनेक वर्षं हे काम करत होतं. १९७० च्या दशकाच्या मध्यात ते सगळ्यात जास्त सोडलं गेलं. ते उत्तरेच्या तोंडातून बाहेर पडून स्कॉटलंडला वळसा घालून उत्तर समुद्रात किती महिन्यांनी पोहोचतं यावरून पाण्याचा वेग काढला. सोडणाऱ्यांनी शास्त्रासाठी सोडलं नव्हतं हे वेगळं सांगायला नको, पण कधी आणि किती सोडलं याची नोंद होती, आणि आम्हाला तेवढं पुरतं.

आता रेडियम वापरतात. ते गाळातून आणि किनाऱ्याखालच्या भूजलातून सतत झिरपतं, आणि घड्याळ त्याच्या आतच असतं. रेडियम-२२४ चं अर्धायुष्य ३.६६ दिवस, रेडियम-२२३ चं ११.४ दिवस. काठापासून दूर जाताना दोघांचं गुणोत्तर बदलत जातं, त्यावरून पाणी काठ सोडून किती दिवस झाले ते कळतं. ताईंच्या ३३ दिवसांची ही स्वतंत्र पडताळणी होईल. फक्त एका नमुन्याला शंभर-दोनशे लिटर पाणी मँगनीज चढवलेल्या धाग्यांतून गाळावं लागतं, आणि २२४ मोजायला बोटीवरून उतरल्यावर दोन-तीन दिवसांत यंत्रापाशी पोहोचावं लागतं. बोट उशिरा बंदराला लागली म्हणून माझे एका फेरीचे नमुने वाया गेलेत.

आणि हो, भूजल! अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर १९९६ साली रेडियमवरूनच असं निघालं की तळातून झिरपणारं पाणी तिथल्या नद्यांच्या पाण्याच्या सुमारे ४० टक्के आहे. त्यातलं बरंचसं समुद्राचंच, वाळूत शिरून परत आलेलं खारं पाणी असतं, म्हणून पाण्याच्या ताळेबंदात ते दिसत नाही. पण येताना नायट्रोजन घेऊन येतं. फॉस्फेट मातीत अडकून पडतं, त्यामुळे त्याचं नायट्रोजन-फॉस्फरस गुणोत्तर रेडफिल्डच्या कितीतरी वर असतं. तुमच्या हिशेबात भूजलाची ओळच नाही.

अटकळबाज

सगळं वाचलं. पाणी माहीत नाही, बाहेर म्हणजे कुठे माहीत नाही, फॉस्फेटचं चिन्ह माहीत नाही, भूजल तर हिशेबातच नाही. मग हा उद्योग करायचाच कशाला? शेवटी हव्या त्या उत्तराला हवा तो आकडा जोडणार.

लवणरेषा

अटकळबाज, चिडून लिहिलंत तरी मुद्दा रास्त आहे. वाईट ताळेबंद असेच बनतात: शेवटी जे जुळत नाही ते ‘इतर’ मध्ये टाकायचं आणि ‘इतर’ ला विनत्रीकरण म्हणायचं. ताईंचे ५.७ मिलिमोल तसेच आलेत.

पण ढोबळ ताळेबंदानेही कधीकधी असं काही निघतं जे दुसऱ्या कुठल्या मार्गाने निघालं नसतं. १९९६ च्या सुमारास उत्तर अटलांटिकच्या मंचांवरच्या गाळातल्या विनत्रीकरणाचे आकडे एकत्र केले गेले. नद्यांतून आणि हवेतून जेवढा नायट्रोजन मंचावर येतो त्याहून जास्त तो गाळात नाहीसा होत होता. मग उरलेला कुठून येतो? खोल समुद्रातून. तोवर अनेकांच्या डोक्यात चित्र उलट होतं, की किनारा नद्यांचा नायट्रोजन समुद्राला देतो. आकड्यांत मोठी अनिश्चितता होती, तरी बाण कुठल्या दिशेचा हे ठरायला ते पुरेसे होते.

दुसऱ्या टोकाला मेक्सिकोच्या आखाताचा उत्तर किनारा. तिथे मिसिसिपीचा नायट्रोजन मंचावरच पडतो, उन्हाळ्यात प्लवक फोफावतात, मरून तळाशी जातात, कुजताना प्राणवायू संपवतात. १९८५ पासून जवळपास दर उन्हाळ्यात बोट फिरवून हे क्षेत्र मोजतात. २०१७ साली ते २२,७२० चौरस किमी होतं, मोजणी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात मोठं. तिथे नदी धन्याच्या जागी आहे, समुद्र दुय्यम.

आणि आपल्याला जवळचा तो अरबी समुद्राचा पूर्वेकडचा मंच. तिथे प्राणवायू संपतो तो मुख्यतः नदीमुळे नव्हे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचं पाणी वर मंचावर चढतं, ते येतानाच कमी प्राणवायूचं आणि भरपूर नायट्रेटचं असतं, आणि मंचावर आल्यावर उरलासुरला प्राणवायूही जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात काही ठिकाणी नायट्रेटही संपून तळाशी हायड्रोजन सल्फाइड सापडलं आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे क्षेत्र सुमारे १ लाख ८० हजार चौरस किमी दिलं होतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या स्टेशनवर १९९७ पासून याच्या नोंदी ठेवल्या आहेत.

यावरूनच माझा राहिलेला चौथा मुद्दा. ताई, तुमच्याकडे वर्षातला काही काळ वारा किनाऱ्याला समांतर, पाणी बाहेर ढकलेल असा वाहतो का?

भरतीरेषा

हो, तीन-चार महिने चांगलाच.

लवणरेषा

मग बसा. वाऱ्याचा ताण दर चौरस मीटरला ०.१ न्यूटन धरा, हा काही वादळी वारा नाही. किनाऱ्याच्या दर मीटरमागे तो वरच्या थरातलं पाणी बाहेर नेतो: ४५ अंश अक्षांशावर सेकंदाला साधारण १ घनमीटर, १५ अंशावर २.६, कारण विषुववृत्ताकडे पृथ्वीच्या फिरण्याचा लगाम सैल होत जातो. तुमचे १०० किमी म्हणजे १ लाख ते २ लाख ६० हजार घनमीटर प्रतिसेकंद. तेवढंच पाणी तळातून आत येतं. तुमच्या ३४,५०० च्या तिप्पट ते साडेसातपट!

आणि तळातून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट १ नसतं. १२ धरा. १ लाख गुणिले १२ मिलिमोल म्हणजे १२०० मोल प्रतिसेकंद. त्या महिन्यांत नदी त्यापुढे किरकोळ आहे. तुम्ही ‘बाहेरचं’ नायट्रेट पृष्ठभागावरच्या बाटलीतून घेतलंय असं दिसतंय. मीठ हे तुम्हाला सांगणार नाही, कारण वर आलेल्या पाण्याची क्षारताही ३५ च्याच आसपास. त्या महिन्यांत पट्टा आणि बाहेर यांच्यात फरकच उरत नाही, आणि तुमचं सूत्र शून्याने भागायला लागतं. सगळा पट्टा एकच डबा धरलेल्या, वार्षिक सरासरीच्या एका बॉक्समध्ये हे सगळं दडपलं गेलंय. दोन थर करा आणि दोन ऋतू करा. त्याहून कमी करू नका.

जाळीकर

लवणरेषांच्या प्रत्येक शब्दाला +१. त्यात प्रतिमानाच्या, म्हणजे संगणकावर समुद्र चालवणाऱ्यांच्या, बाजूने थोडी भर.

लोक मग म्हणतात की बॉक्स सोडा, रोम्स किंवा नेमोसारखं समुद्राचं प्रतिमान चालवा, सगळे प्रवाह त्यातून मिळतील. मिळतात. आणि ताळेबंद दहा दशांशांपर्यंत जुळतो. नवख्यांना त्याचा फार आनंद होतो, मलाही झाला होता. पण प्रतिमानाचा ताळेबंद जुळतो कारण समीकरणंच तशी लिहिलेली असतात. चुकीचा वारा द्या, चुकीचा तळ द्या, तरी जुळेल. तो जुळला यावरून प्रोग्राममध्ये गळती नाही एवढंच कळतं.

क्युमेकवाल्यांनी नदीबद्दल सांगितलं ते इथेही तसंच आहे. डिस्क वाचावी म्हणून आपण वेग आणि नायट्रेट यांच्या रोजच्या सरासऱ्या साठवतो आणि नंतर त्यांचा गुणाकार करतो. पण भरतीबरोबर आत येणारं पाणी आणि ओहोटीबरोबर बाहेर जाणारं पाणी यांतलं नायट्रेट वेगळं असतं. तो सहसंबंध सरासरीत पुसला जातो. एकदा माझा असाच एक-तृतीयांश प्रवाह गायब झाला होता, तीन आठवडे नदीच्या फाइलला शिव्या देत होतो. प्रत्येक कालपावलावर गुणाकार करून त्याची बेरीज साठवायला सांगा, प्रतिमानात तशी सोय असते. आणि मुख्य भरती १२.४२ तासांची, दिवस २४ तासांचा. रोज एकाच वेळी नमुना घेतलात तर भरती-ओहोटी तुम्हाला १४.८ दिवसांच्या संथ लाटेसारखी दिसेल आणि तुम्ही तिच्यासाठी एखादं शास्त्रीय कारण शोधत बसाल. बोटीवरून मोजणाऱ्यांनाही हे लागू आहे.

दुसरी गोष्ट मगाचपासून खटकतेय. ताईंच्या नदीत नायट्रेट ३१० आणि फॉस्फेट १.५. गुणोत्तर २०७. खतं घातलेल्या शेतांतून येणाऱ्या नद्यांत ते ४०-५० बघितलंय, कधी शंभरही. दोनशेच्या वर जरा जास्तच. प्रयोगशाळेतल्या कुणीतरी बघावं.

टायट्रेशन

बोलावलंत म्हणून आले. :)

भरतीरेषा, नदीचे आकडे तुम्ही स्वतः मोजलेत की कुणाच्या अहवालातून घेतलेत? एकक काय होतं?

भरतीरेषा

अहवालातून. ‘नायट्रेट, मिलिग्रॅम प्रति लिटर: ४.३४’. १४ ने भागून हजाराने गुणलं, ३१० आले.

टायट्रेशन

रकान्याच्या डोक्यावर ‘नायट्रोजन म्हणून’ असं लिहिलंय का? की नुसतं ‘नायट्रेट’?

भरतीरेषा

नुसतं नायट्रेट.

अरे देवा.

टायट्रेशन

हं. नायट्रेटचा रेणुभार ६२, त्यातला नायट्रोजन १४. वजन जर पूर्ण नायट्रेटचं असेल तर ६२ ने भागायचं. ४.३४ भागिले ६२ म्हणजे ७०, ३१० नाही. पिण्याच्या पाण्याच्या अहवालांत बहुतेक वेळा नायट्रेट असतं, समुद्रवाल्यांच्या सवयीत नायट्रोजन, आणि मधे ४.४३ पटीचा खड्डा. मी स्वतः पडलेय त्यात. तरी गृहीत धरू नका, अहवालाच्या मागच्या पानावर पद्धत दिली असेल ती वाचा. नसेल तर फोन करून विचारा.

आणखी एक. तो अहवाल फक्त नायट्रेटचा आहे. अमोनियम कमी असेल तर चालून जाईल, पण नदीतल्या नायट्रोजनचा मोठा भाग सेंद्रिय रूपात विरघळलेला असू शकतो, आणि समुद्रात आल्यावर त्यातला काही जिवाणू मोकळा करतात. तो तुमच्या ‘नदी’ च्या ओळीत नाही, पण ‘पट्ट्या’ च्या ओळीत नायट्रेट होऊन उगवतो.

क्युमेकवाला

टायट्रेशनबाईंना दंडवत. आम्ही पुराच्या गोष्टी सांगत बसलो आणि चोर मथळ्यातच होता.

भरतीरेषा

मंडळी, मागच्या पानावर सापडलं. पूर्ण नायट्रेटचंच वजन होतं. :(

नव्याने केलेला हिशेब, जुन्याच एका बॉक्समध्ये, फक्त ७० घालून: नदीतून ७० मोल प्रतिसेकंद. नदीच्या पाण्याइतकं जे पाणी बाहेर जातं त्याबरोबर १.५ आणि अदलाबदलीतून ३४.५ मोल बाहेर. कमी पडतात ३४. त्यातले रेडफिल्डप्रमाणे ८.३ वजा केले की विनत्रीकरण २५.७ मोल, म्हणजे दर चौरस मीटरला दिवसाला ०.५६ मिलिमोल. मार्गदर्शकांना दाखवलं, म्हणाले हे मंचासारखं दिसतंय. मी त्यांना लवणरेषांचा चौथा मुद्दा दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

आज क्षारतेची फोड केली. अदलाबदल २९,००० धरली तर तुटवडा ३९.५ मोल, ४३,००० धरली तर २५.५. म्हणजे ०.५६ हा आकडा नुसत्या बाहेरच्या स्टेशनच्या निवडीवरून ०.४ ते ०.७ मध्ये हलतो (८.३ तोच ठेवून), आणि फॉस्फेट आणि वारा अजून मोजलेलेच नाहीत. फॉस्फेटवरून कार्बनबद्दल काही म्हणायचं नाही असं ठरवलंय. क्युमेकवाल्यांच्या पद्धतीने नदीचा भार महिन्यावार काढायला घेतलाय. पुराच्या चार महिन्यांत नमुने दोनच आहेत.

अटकळबाज

०.५६ बरोबर दिसतोय म्हणून तो बरोबर आहे असं कशावरून? ५.७ वाईट दिसला म्हणून तपासला. ०.५६ छान दिसला म्हणून तपासणार नाही.

जाळीकर

हे मात्र चपराक आहे. मीही हेच करतो.

भरतीरेषा

खरंय. म्हणूनच पुढच्या फेरीचं विचारायला आलेय. वाऱ्याच्या महिन्यांत बोट मिळतेय, चार दिवस. बाहेरचं स्टेशन ५० मीटरच्या रेषेवरच ठेवू की आणखी पुढे? आणि रेडियमचे धागे बरोबर न्यावेत का?

लवणरेषा

रेषेच्या बाहेर जा, ७०-८० मीटरपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी तळाच्या पाण्याची बाटली घ्याच. आत येणारं पाणी तेच आहे. एकाच बाहेरच्या स्टेशनवर विसंबू नका, किनाऱ्याला समांतर निदान तीन घ्या, म्हणजे दोन टोकांतून काय शिरतंय तेही थोडं कळेल. वेळ कमी पडला तर आतली स्टेशनं कमी करा. पट्ट्याची सरासरी आत्ताच बरी माहीत आहे, अज्ञान सीमेवर आहे.

प्रत्येक स्टेशन भरतीच्या कुठल्या टप्प्यावर केलं ते लिहून ठेवा. जमलं तर एक स्टेशन २५ तास धरून ठेवा, दर तासाला बाटली. कंटाळवाणं काम आहे. बोटीवरचे लोक नावं ठेवतील.

रेडिओवाली

धागे न्या. पण बंदरापासून मोजणीयंत्रापर्यंत गाडी आधीच ठरवून ठेवा.

टायट्रेशन

आणि बाटल्यांवर एकक लिहा.